सोलरला दिलेलं मानपत्र

नंदुरबार
रविवार, ४ जानेवारी २०२६

भूपेश,

काल, शनिवारी, ३ जानेवारीला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, आपल्या आप्पांनी काढलेल्या शाळेच्या मांडवात तू माईक हिसकावून घेतलास आणि दहावीतल्या एका मुलीला सगळ्या गावासमोर म्हणालास, "ज्यांच्या पाड्यावर नळ नाही, त्यांना आमच्याकडे गरम पाणी पाहिजे! फुकटचं खायचं आणि वर तोंड करायचं. उद्या सकाळी वसतिगृह खाली कर." वेळ मला नक्की माहीत आहे, कारण त्या क्षणी मी घड्याळ पाहिलं. संस्थेच्या चेअरमनची लाज किती वाजता सुटली, याची नोंद कोणीतरी ठेवायला हवी.

आरंभी 'चिरंजीव' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. संस्थेच्या निवडणुकीत मी तुझ्या पॅनेलविरुद्ध मत दिलं, तेव्हापासून तीन भाऊबीजा कोरड्या गेल्या. चौथी गेली असती तरी मी आपण होऊन लिहिलं नसतं. हे पत्र बहिणीचं भावाला नाही. तुमच्याच मुख्याध्यापकांनी नोव्हेंबरात मला सन्मानाने बोलावून दहावीचे चार तास घ्यायला लावले. त्या चार तासांच्या शिक्षिकेचं हे पत्र आहे, चेअरमनला.

तुझ्या भोवतीच्या मंडळींनी तुला घडलं ते सोडून बाकी सगळं सांगितलं असेल. म्हणून घडलं तेवढं लिहिते.

कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं: 'मानपत्र अर्पण, इयत्ता दहावी'. कोणाला, ते छापलं नव्हतं. वीरसिंग सर सूत्रसंचालन करत होते. त्यांनी 'मानपत्र' हा शब्द वाचला आणि श्वासही न घेता जाहीर केलं, "आता आदरणीय चेअरमन साहेबांनी सत्कार स्वीकारण्यासाठी पुढे यावं!" बिचाऱ्यांची चूक काय? या शाळेत आजवर मानपत्र दुसऱ्या कोणाला दिलंच गेलेलं नाही. तू उठलास, जाकिटाचं बटण लावलंस, पुढे आलास आणि शाल पडायला सोपं जावं म्हणून मान वाकवून उभा राहिलास. शालीला इतकी सरावलेली मान मी दुसरी पाहिलेली नाही.

समोर सुनिता वसावे उभी होती, हातात शाल घेऊन. तिच्या शेजारी दोन मुलींनी वसतिगृहातली लोखंडी बादली धरली होती. शाल त्या बादलीसाठी होती. सुनिताने तुझी वाकलेली मान पाहिली, बादली पाहिली. मी पहिल्या रांगेत होते, मला तिचा चेहरा दिसत होता. शाल तुझ्या खांद्यावर टाकली असती तर कोणालाही काही कळलं नसतं आणि ती आज वसतिगृहात असती. तिने ती बादलीवर घातली. नारळही बादलीत ठेवला. मग कागद उघडला आणि वाचलं: "सन्माननीय श्री. सोलर, मुक्काम मुलींच्या वसतिगृहाची गच्ची, यांस सविनय अर्पण."

मांडव हसला. मी हसले. सगळ्यांत आधी टाळी मी वाजवली, हेही कोणीतरी तुझ्या कानावर घालेलच, म्हणून मीच सांगून टाकते.

मुलीने सत्कार केला तो गच्चीवर पाणी तापवायला बसवलेल्या सोलरचा, त्याच्या वतीने बादलीचा. तुझं नाव घेतलं नाही, पद घेतलं नाही. तरी चिडलास तू.

आज सकाळी तिचा बाप येऊन तिला पेटीसकट घेऊन गेला. तिला परत बोलाव.

दीपमाला


नंदुरबार
शनिवार, १० जानेवारी २०२६

भूपेश,

उत्तर आलं नाही. रुपा आली. "बाजारमा येल व्हतू" म्हणून आली, पण पिशवीत एक मेथीची जुडी सोडून काही नव्हतं. तुझी बायको गुणी आहे. तिला निरोप्याचं काम देऊ नकोस, तिला खोटं बोलता येत नाही.

म्हणाली, "आक्का, गावमा लोके अजून हासी ऱ्हायनात. तुम्हना भाऊ धड जेवतस नहीत. पोरगीनी माफी मांगी ली ते मिटी जाई. नी तुम्ही बी दोन शब्द लिखी द्या."

मी विचारलं, "रुपा, तू सांग. सोलरचं पाणी तू कधी पाहिलंस?"

ती म्हणाली, "आक्का, मन्हं नाव यामा लेऊ नका."

म्हणजे पाहिलेलं नाही.

तुझं दुसरं म्हणणं तिने पाठ करून आणलं होतं: "आक्कानी पोरेस्ले टोमणा माराले शिकाडं." मी सुरतेला नन्सकडे शिकले, तिथून हे आणलं, असंही तू म्हणालास म्हणे. नन्स टोमणे मारायला शिकवत नाहीत रे. त्यांच्याकडे ते उपजत असतं. मी वर्गात काय शिकवलं ते तुझ्या घरात एकाला नक्की माहीत आहे. तुझा नातू भाग्येश दुसऱ्या बाकावर बसतो. त्याने घरी सांगितलं नसेल, कारण त्याचं थोडं हसं झालं होतं. मी सांगते.

पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिलं: 'उपरोध ही वाद घालण्याची एक रीत आहे.' आणि विचारलं, टोमणा आणि उपरोध यांत फरक काय? मागून एकजण म्हणाला, "मॅडम, टोमणा घरना, उपरोध पुस्तकना." वर्ग हसला. मी म्हटलं, उत्तर वाईट नाही, पण अजून चालव डोकं.

मग लग्नाचं उदाहरण दिलं. आपल्याकडे मांडवात बायका व्याह्याला गाण्यातून सोलून काढतात. त्याचा कंजूसपणा, त्याची वरात उशिरा आली ते, त्याच्या पोराने शाळा बुडवली ते. व्याही काय करतो? हसतो. कारण बायका खोटं गात नाहीत हे त्याला ठाऊक असतं, आणि चिडला तर गाणं त्याला चिकटलं हे सगळ्या मांडवाला कळेल, हेही ठाऊक असतं. मी मुलांना सांगितलं, उपरोधाचे नियम दोनच. प्रत्येक वाक्याखाली एक खरी गोष्ट हवी, विचारली तर दाखवता आली पाहिजे. आणि मारायचं ते आपल्यापेक्षा उंच उभ्या असलेल्याला. खालच्याला मारलं की तो उपरोध राहत नाही, नुसती लाथ होते.

मग सगळ्यांना मानपत्र लिहायला सांगितलं. मानपत्रच का, तर या मुलांनी पहिलीपासून निबंधापेक्षा जास्त मानपत्रं ऐकली आहेत. त्यांना तो साचा झोपेतही येतो. 'जे आपलं काम करत नाही, त्याला मानपत्र द्या.'

तुझ्या नातवाने वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या धनुबाईला दिलं. 'आपल्या डाळीत आम्हाला आमचा चेहरा दिसतो, त्यामुळे आरशाचा खर्च वाचतो.' वर्ग खो खो हसला. मलाही हसू आलं, लपवत नाही, लेखणी आहे पोराच्या हातात. पण मी विचारलं, "धनुबाई तुझ्यापेक्षा उंच आहे की खाली?" मग विचारलं, "तिला रोज डाळ किती मिळते?" तो म्हणाला, "माहीत नाही." म्हटलं, "विचारून ये." दुसऱ्या दिवशी तो विचारून आला. आल्यावर त्याने धनुबाईचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'माननीय खरेदी समिती'. खरेदी समितीत कोण आहे, ते मी त्याला विचारलं नाही. तू घरी विचार.

सुनिता तोवर काहीच बोलली नव्हती. डोंगरातली मुलगी, घरी वसावी बोली, शाळेत मराठी जपून वापरते, काचेचं भांडं उचलावं तशी. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, सरळ सांगून होत असेल तर असं का लिहायचं?"

मी विचारलं, "तू सरळ सांगून पाहिलंस?"

"हो. अर्ज दिला. मग पुन्हा दिला. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, सोलर बसवलेलं आहे, फोटो आहे. मी म्हटलं, पाणी नाही. बाई म्हणाल्या, फोटोत आहे ना."

वर्ग हसला, पण ती हसली नाही. हिवाळ्यात पहाटे पाचला त्या मुली टाकीच्या पाण्याने अंघोळ करतात. लहान मुली रडतात म्हणून ही त्यांच्या डोक्यावर पाणी ओतते आणि मोठ्याने पाढे म्हणायला लावते, म्हणजे रडणं ऐकू येत नाही. हे तिने त्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, बस, लिही.

तिने लिहिलेलं इथे उतरवते. तू त्या दिवशी अर्ध्यात माईक ओढलास, त्यामुळे तुझं ऐकायचं राहिलं आहे.

'महोदय, आपण दोन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर पदार्पण केलंत. त्या दिवशी बँड होता, पेढे होते. फोटोवाला उशिरा आल्यामुळे आपली फीत पुन्हा बांधून पुन्हा कापावी लागली, तरी आपण रागावला नाहीत. आपल्याला नळ जोडायचा राहून गेला, त्याबद्दलही आपण कधी शब्द काढला नाहीत. दुसऱ्यांना गरम पाणी देऊन मोठे होणारे पुष्कळ असतात. थेंबही न देता दर वर्षी संस्थेच्या अहवालात पहिल्या पानावर येणारे आपण एकटेच. कबुतरांना आपण आसरा दिलात. आमच्याकडे मात्र कधी पाहिलं नाहीत, कारण आपलं तोंड सूर्याकडे आहे. आपल्या कृपेने आम्ही थंडीला भीत नाही आणि आमचे पाढे पक्के झाले. आपणांस दीर्घायुष्य लाभो. आपण कधीच वापरले गेला नाहीत, त्यामुळे ते लाभेलच.'

आता याच्याशेजारी तुझं वाक्य ठेव. 'ज्यांच्या पाड्यावर नळ नाही, त्यांना आमच्याकडे गरम पाणी पाहिजे.' तुलाही उपरोधच करायचा होता. मी शिक्षिका आहे, दोन्ही उत्तरपत्रिका तपासते. तिची उंचावर मारते आणि प्रत्येक ओळीखाली पुरावा आहे. तुझी खाली मारते. पाड्यावर नळ नाही हे खरं, पण ते तिच्या बापाचं पाप आहे का? तुला शून्य देते.

पूर्वपरीक्षा १९ तारखेला सुरू होते. त्याआधी मुलगी वसतिगृहात हवी.

दीपमाला


नंदुरबार
शनिवार, १७ जानेवारी २०२६

भूपेश,

काल मोलगीला गेले. या वयात जीपमध्ये मागच्या बाकावर, मांडीवर कोणाची तरी कोंबडी, आणि अक्कलकुव्यानंतरची वळणं. तू म्हणशील, हौस. हौस नव्हती. मी सुनिताला माफी मागायला सांगायला गेले होते.

हे वाचून तुला बरं वाटेल. वाटू दे. वसतिगृह नाही म्हणजे शाळा नाही, पूर्वपरीक्षा नाही, अंतर्गत गुण नाहीत, आणि मग मार्चमध्ये ती कशाच्या जोरावर बसणार? मी दोन ओळींची माफी घरूनच लिहून पर्समध्ये ठेवली होती. तत्त्व माझं, आणि वर्ष तिचं जाणार, हे मला जड झालं होतं.

बाजाराचा दिवस होता. तिची आई तुळशीबाई रस्त्याकडेला भगर मांडून बसली होती, बाप आमशा शेजारी उकिडवा, आणि सुनिता तराजू धरून. मी कोण ते सुनिताने सांगितलं. तुळशीबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. सुनिताने तराजू सरळ केला.

मी म्हटलं, "काय म्हणाली ते सांग."

"आई म्हणते, तू त्या साहेबाची बहीण ना? मग त्याला समजव. इतका डोंगर चढून माझ्या पोरीला काय समजवायला आलीस?"

पर्स माझ्या हातात होती. ती मी उघडली नाही.

आमशाचं म्हणणं वेगळं होतं. तो हात जोडून म्हणाला, "बाई, पाया पडायला सांग तिला. आम्ही पडतोच ना सगळ्यांच्या. झिजतं काय? पोरगी दहावी झाली पाहिजे." मग आवाज खाली करून, "मागच्या साली ऊस तोडायला गुजरातला गेलो तेव्हा हिला नेली नाही. शाळेसाठी. आता शाळाच नाही तर काय सांगू घरात?"

भूपेश, याला काय उत्तर द्यायचं? तुझ्याकडे आहे का?

सुनिताने गिऱ्हाइकाची भगर मोजून दिली, पिशवीला गाठ मारली. मग म्हणाली, "मॅडम, मी माफी मागते."

तिने तराजू खाली ठेवला.

"पण सगळ्याची कशी मागू? मानपत्रातलं जे वाक्य खोटं असेल ते साहेबांनी दाखवावं. त्या वाक्याची मागते. सगळ्यांसमोर, माईकवर. दोन खोटी असतील तर दोनांची."

बापाने विचारलं, काय म्हणाली? तिने त्याला आपल्या बोलीत सांगितलं. मग त्याने मलाच विचारलं, "आहे का खोटं त्यात?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तो कशाची माफी मागायला लावतो आहे?" तुळशीबाई म्हणाली. हे मात्र ती मराठीत म्हणाली.

मी पस्तीस वर्षं शिकवलं. माझ्या कोणत्याच विद्यार्थ्याने परीक्षेत इतकं नेमकं उत्तर लिहिलेलं नाही, आणि या मुलीला तुम्ही परीक्षेला बसू देत नाही.

सुनिता माझ्याबरोबर नंदुरबारला आली आहे. आमशाने जीपपर्यंत पेटी आणून दिली. मला म्हणाला, "बाई, जबाबदारी तुझी." हो म्हटलं. आतल्या खोलीत ती बीजगणित करते आहे. पर्समधला कागद मी फाडला. सोमवारी पूर्वपरीक्षेला ती इथूनच एसटीने येईल.

दीपमाला


नंदुरबार
मंगळवार, २० जानेवारी २०२६

भूपेश,

काल साडेदहाला शाळेच्या फाटकावर शिपाई फुलसिंगने सुनिताला अडवलं. मी बरोबर होते. त्याने माझ्याकडे बघायचं टाळलं. पंधरा वर्षांचा असताना मी त्याला घरी वाचायला शिकवलं होतं, म्हणून त्याला जास्तच अवघड.

"आक्का, साहेबनी सांगेल शे. माफीना कागद दाखाडा, मंग आत."

म्हटलं, "आणि साहेबाने तुला लेखी दिलं आहे का?"

"तोंडी शे."

"तुमच्याकडे सोलर सोडून काहीच लेखी नसतं का रे?"

तो हसला आणि लगेच मागे वळून पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही ना. तुझ्या संस्थेत माणसं अशी हसतात. मराठीचा पेपर आतल्या वर्गात सुरू झाला आणि सुनिता फाटकाबाहेर कठड्यावर बसून राहिली. पेपर सुटल्यावर तुझ्या नातवाने तिला प्रश्नपत्रिका आणून दिली. ती तिथेच सोडवली तिने, मांडीवर. मी तपासली. पण माझे गुण तुमच्या गुणपत्रिकेत चालत नाहीत.

संध्याकाळी रुपाचा फोन आला. आवाजात आनंद होता. "आक्का, सोलरले नळ जोडी दिना! शनवारले नवापूरथाईन माणूस उना व्हता. गरम पानी चालू व्हयनं. आते ते पोरगीनं सम्दं खोटंच व्हई गयं ना? आते ती माफी मांगी सकस."

निरोप तिचा नव्हता, तुझा होता, हे मला पहिल्या शब्दाला कळलं. नळ जोडला, पाणी गरम झालं, म्हणून मानपत्र खोटं ठरलं, आता माफी माग. हे तुला स्वतःला सुचलं की कोणी शिकवलं? वकिलाने शिकवलं असेल तर त्याची फी परत घे.

भूपेश, जरा शांत बसून विचार कर. दोन अर्जांनी जे झालं नाही, ते एका मानपत्राने दोन आठवड्यांत झालं. गावभर हसं झालं आणि दोन वर्षं न सापडलेला माणूस नवापुरात सापडला. वादात असं झालं की त्याला काय म्हणतात? समोरच्याचं म्हणणं तू मान्य केलंस असं म्हणतात. ती वाद जिंकली आहे. तू हरलास, आणि मला विचारशील तर बऱ्यापैकी हरलास, कारण शेवटी लहान मुलींच्या डोक्यावर गरम पाणी पडलं. त्याबद्दल मी तुझी सरळ, कुठलाही उपरोध न करता स्तुती करते. घे.

पण हरल्यावर जिंकलेल्याला माफी मागायला लावायची नसते. ३ जानेवारीला दुपारी त्या गच्चीवर नळ नव्हता. त्या दिवशी ते वाक्य खरं होतं. मागाहून नळ जोडून ते खोटं होत नाही. पोळी करपली म्हणणाऱ्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशी चांगली पोळी वाढून 'आता खोटं बोललास म्हण' असं आपली आई कधी म्हणाली नाही.

शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी अजून तिथे गेलेले नाही. आप्पांच्या शाळेची तक्रार आप्पांच्या मुलीने करावी, याला मी भीत नाही. पण आधी तुला विचारावं एवढं नातं तुझ्यामाझ्यात अजून शिल्लक आहे, असं मी धरून चालते. चूक असेल तर तेही कळव.

मराठीचा आणि आजचा असे दोन पेपर गेले. ते तिला पुन्हा द्यायला हवेत.

मला रुपाकरवी निरोप नको. फुलसिंगकरवी हुकूम नको. फोन नको, फोनवर तुझा आवाज चढतो आणि माझाही. संस्थेच्या कागदावर, तुझ्या सहीने, एवढंच लिही: मानपत्रातलं कोणतं वाक्य ३ जानेवारीला खोटं होतं. एक जरी दाखवलंस तरी सुनिता शब्दाला जागेल, मी स्वतः तिच्याबरोबर माईकपाशी उभी राहीन आणि दुसरी माफी माझी असेल. दाखवता आलं नाही, तर त्याच कागदावर लिही की सुनिता आमशा वसावे हिला वसतिगृहात आणि परीक्षेला विनाअट घेतलं आहे, आणि पाड्यावरच्या नळाचं तू जे बोललास ते तू मागे घेतोस.

शुक्रवार, २३ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कागद माझ्या हातात पडला पाहिजे. पाच वाजून गेले की मी चप्पल घालते.

दीपमाला चुडामण पाटील